विद्यापीठ की परीक्षाखाते?

घर जळत असता पाणी कोठून आणले, कोणी आणले आणि कोण नुसते ओट्यावर उभे राहून ओरडत होते, याचा हिशेब आग विझल्यावर मांडावयाचा असतो. परंतु आग विझली की हिशेबाचे कंटाळवाणे काम अंगावर घेण्यास कोणी पुढे येत नाही. कोरोनाची साथ ही जागतिक महामारी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी जाहीर केले आणि जगावरील आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी सांगितले. या तीन वर्षांत आपल्या विद्यापीठांनी काय केले, काय करावयास हवे होते आणि पुन्हा तसा प्रसंग ओढवल्यास ती काय करणार आहेत, हा प्रश्न आज कोणत्याही कुलगुरूच्या मेजावर दिसत नाही. नवे शैक्षणिक धोरण, श्रेयांकांचे कोष्टक, मानांकनाची धावपळ यांत सारे गढून गेले आहेत. आम्हांस मात्र हा प्रश्न सोडून द्यावासा वाटत नाही. कारण त्या तीन वर्षांत ज्यांच्या आयुष्याची घडी मोडली ती आमच्याच वाचकांची मुले आहेत.

त्या काळातील विद्यापीठांचे वर्तन समजून घ्यावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली, कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाचे काम परीक्षा घेण्याचे आणि पदवी देण्याचे. पुढे १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांस स्वतः शिकविण्याची मोकळीक मिळाली, पदव्युत्तर विभाग निघाले, १९४९ मध्ये पुणे व कर्नाटक आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ उभे राहिले. परंतु जन्मखूण पुसली गेली नाही. आजही खेड्यापाड्यांतील पालकास विद्यापीठ ठाऊक असते ते गुणपत्रिकेवरील मुद्रेपुरते. वर्षभर महाविद्यालयात प्राध्यापक आला की नाही याची विद्यापीठास खबर नसते. परंतु परीक्षेचा अर्ज एक दिवस उशिरा आला तर विलंबशुल्काची पावती बिनचूक फाडली जाते. अशा संस्थेवर महामारी कोसळली तेव्हा तिला एकच प्रश्न सुचावा, यात नवल ते काय? परीक्षेचे काय करावयाचे, हाच तो प्रश्न.

वस्तुतः प्रश्न पुष्कळ होते. २४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, आणि त्याच्या आगेमागे वसतिगृहे रिकामी करण्यात आली. पुस्तके खोलीत कुलूपबंद, विद्यार्थी गावी. ग्रंथालये मिटली, प्रयोगशाळा थांबल्या, संशोधकांची अर्धवट कामे तशीच राहिली. पुढे कित्येक ठिकाणी हीच वसतिगृहे विलगीकरणासाठी शासनाने ताब्यात घेतली, आणि ते योग्यच झाले. ज्यांनी आयुष्यभर खडू आणि फळा यांखेरीज दुसरे साधन हाती धरले नव्हते असे पन्नाशी उलटलेले प्राध्यापक भ्रमणध्वनी पुस्तकांच्या चवडीला टेकवून, समोर एकही चेहरा दिसत नसता, तासच्या तास बोलू लागले. या मंडळींची आम्ही मनापासून वाहवा करतो. त्यांना कोणी शिकविले नव्हते, कोणी साधने दिली नव्हती. पुष्कळांनी डेटाचे पैसेही पदरचे घातले. दूरशिक्षणाचा १९८९ पासूनचा अनुभव गाठीशी असलेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ याच राज्यात, नाशिकला उभे होते. इतर विद्यापीठांनी ही कला पहिल्या महिन्यातच त्याच्याकडून पद्धतशीर शिकून घ्यावयास हवी होती. परंतु शेजाऱ्याकडे विहीर असली तरी आपण तहान लागल्यावर आपल्याच अंगणात खणावयास घ्यावे, अशी आमच्या संस्थांची रीत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० रोजी जी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत शहाणपण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परीक्षा तीनऐवजी दोन तासांची घ्यावी, मधल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांस निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावर व निम्मे मागील सत्रावर द्यावेत, पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांस सहा महिन्यांची मुदतवाढ मिळावी, तोंडी परीक्षा दूरदृश्य साधनाने घेण्यास हरकत नसावी, असे त्यांत होते; आणि स्थानिक परिस्थिती पाहून विद्यापीठांनी आपला मार्ग ठरवावा असा एकंदर सूर होता. त्याच सुरावर काम चालले असते तर पुढचा तमाशा टळता. परंतु मे महिन्यात महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणमंत्र्यांनी अंतिम वर्षाची परीक्षा रद्द करण्याची परवानगी आयोगाकडे मागितली, त्यावर राज्यपालांनी कुलपती या नात्याने मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून नापसंती कळविली, महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्र्यांनी सरासरीने गुण देण्याची घोषणा केली, आणि ६ जुलै रोजी आयोगाने नवा आदेश काढून अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर झालीच पाहिजे असे बजावले. एप्रिलमध्ये सल्लागार असलेला आयोग जुलैमध्ये हुकूमदार झाला. मुंबईत एक पक्ष, दिल्लीत दुसरा पक्ष. आणि या दोन पैलवानांच्या कुस्तीत आखाडा झाला तो अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या छातीचा.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. युवासेना तेथे गेली, निरनिराळ्या राज्यांतील ३१ विद्यार्थीही गेले. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने निर्णय दिला, तो सगळ्यांनी आपापल्या सोयीने वाचला. निर्णयाचे सार इतकेच की आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे वैध आहेत. साथीमुळे सप्टेंबरअखेरची मुदत पाळणे अशक्य असेल तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्यास परीक्षा पुढे ढकलता येईल व आयोगाकडे मुदतवाढ मागता येईल. परंतु परीक्षेवाचून विद्यार्थ्यास उत्तीर्ण ठरविण्याचा अधिकार तो कायदा राज्यास देत नाही. कायद्याच्या दृष्टीने निर्णय स्वच्छ होता. आमचे दुःख निराळेच आहे. आयोग बोलला, मंत्री बोलले, राज्यपाल बोलले, न्यायालय बोलले. ज्या विद्यापरिषदांचे परीक्षा कशी घ्यावी हे ठरविणे कायद्याने काम आहे त्या विद्यापरिषदांचा आवाज या गदारोळात ऐकू आला काय? शैक्षणिक निर्णयाची जबाबदारी ज्यांची, ते वरून कोणता कागद येतो याची वाट पाहत बसले. स्वायत्ततेवर एरवी तासन्‌तास व्याख्याने देणारे आमचे विद्वान त्या चार महिन्यांत बहुतांशी मुके झाले होते.

आणि मग परीक्षा झाली ती कशी? ऑक्टोबर २०२० मध्ये, घरबसल्या, एका तासाची, पन्नास गुणांची, चार पर्यायांतून एक खूण करावयाची. ज्या परीक्षेसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, ‘पदवीचे पावित्र्य’ राखण्यासाठी जी अपरिहार्य ठरली, ती शेवटी हीच! तीन वर्षे साहित्य शिकलेल्या विद्यार्थ्यास कादंबरीचे मर्म न विचारता तिच्या कर्त्याचे नाव चौघांतून ओळखावयास सांगणे, इतिहासाच्या विद्यार्थ्यास घटनेची कारणमीमांसा न विचारता तिचे साल विचारणे, याला पदवीची परीक्षा म्हणावे की जत्रेतली सोडत? तीही धड पार पडेना. कोठे सर्व्हर कोसळला, कोठे प्रश्नपत्रिका उघडेना, कोठे उत्तरे पोहोचलीच नाहीत. आणि फेरपरीक्षांच्या तारखांवर तारखा लागल्या. परीक्षा नको म्हणणाऱ्यांना परीक्षा मिळाली आणि परीक्षा हवी म्हणणाऱ्यांना ती मिळाली नाही. आमचे मत असे की सरासरीने गुण देणे अथवा ही लुटुपुटूची परीक्षा घेणे, या दोहोंखेरीज तिसरा मार्ग होता. विद्यार्थ्यास पंधरा दिवसांची मुदत देऊन, पुस्तके समोर ठेवून, प्रत्येक विषयावर एक प्रदीर्घ उत्तर घरी लिहावयास लावणे आणि नंतर दूरध्वनीवर दहा मिनिटे त्यावर त्याला प्रश्न विचारणे, हे दुर्गम खेड्यातही अशक्य नव्हते. त्या कागदाला टपालही चालले असते. परंतु तसे करावयाचे तर ते उत्तर प्राध्यापकाने वाचावे लागते, आणि आपल्या प्राध्यापकाच्या निवाड्यावर विद्यापीठाचा विश्वास असावा लागतो. खरी उणीव होती ती तेथे.

‘ऑनलाइन’ या शब्दाने त्या काळी मंत्र्यांपासून महाविद्यालयाच्या शिपायापर्यंत सर्वांवर मोहिनी घातली होती. जणू एक कळ दाबली की विद्यालय घराघरांत! राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने २०१७-१८ सालीच सांगून ठेवले होते की शहरांतील सुमारे ४२ टक्के व खेड्यांतील सुमारे १५ टक्के घरांतच इंटरनेटची सोय आहे. संगणक तर खेड्यांत शंभरांत चार-पाच घरी. हे आकडे शासनाचेच होते. शासनाने आपलेच आकडे वाचले नाहीत, किंवा वाचून गुंडाळून ठेवले. कोकणात आणि घाटमाथ्यावर मुले ‘रेंज’ मिळावी म्हणून डोंगरावर चढून, पावसात प्लॅस्टिकच्या कागदाखाली बसून तास ऐकत होती. खानापूरच्या पश्चिमेस जंगलपट्ट्यात ज्यांची घरे आहेत त्यांना हे सांगावयास नको. घरात भ्रमणध्वनी एक, शिकणारी मुले तीन, आणि तो एकही बापाबरोबर सकाळी कामावर जाणार. मग धाकटीचा तास बुडाला तर दोष कोणाचा? अशा वेळी न्यूटनची गोष्ट सांगणारे उपदेशकही निघाले. १६६५ च्या प्लेगमध्ये केंब्रिज बंद पडले आणि न्यूटनने गावी बसून गुरुत्वाकर्षणाचा विचार केला, तर तुम्ही का नाही? न्यूटनला वुल्सथॉर्पचा वाडा होता, शेतीवाडी होती आणि पदवी त्याच्या खिशात पडलेली होती. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत बसून अभ्यास करणाऱ्या पोराला ही गोष्ट सांगणे म्हणजे उपाशी माणसास पंगतीचे वर्णन ऐकविणे होय.

एका वर्गाचे हाल तर कोणाच्या खिजगणतीतच नव्हते. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक हा आमच्या उच्च शिक्षणाचा आज कणा आहे. पद कायम भरावयाचे नाही, तासामागे ठरावीक रक्कम द्यावयाची आणि सुट्टीत ती बंद. महाविद्यालयेच मिटली तेव्हा तास कोठले आणि मानधन कोठले? नेट-सेट झालेली, पीएच. डी. मिळविलेली माणसे त्या दिवसांत शेतमजुरीस गेली, भाजीच्या गाड्या लावून बसली. विद्यापीठाने महामारीशी जुळवून घेतले असे जे अहवालांत लिहिले जाते त्यात, आपल्यासाठी शिकविणाऱ्यांस पोट भरण्यापुरते तरी आपण दिले काय, हा रकाना आम्हांस कोठे आढळत नाही. रोग रेड्याला आणि डाग पखालीला, असाच हा प्रकार.

सीमेवरील विद्यार्थ्याची कथा आणखी निराळी. निपाणी, खानापूर, बेळगाव येथील मुले कोल्हापुरास शिकतात, कोल्हापूर-सांगलीची मुले बेळगावास येतात. ही ये-जा राज्यांच्या हद्दी पडण्याच्या आधीपासूनची. १८ मे २०२० रोजी कर्नाटक शासनाने महाराष्ट्रासह चार राज्यांतून येणाऱ्यांस महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा नियम आला की महाराष्ट्रातून येणाऱ्याजवळ ७२ तासांच्या आतील तपासणीचा दाखला पाहिजे, आणि कोगनोळीच्या नाक्यावर रांगा लागल्या. साथ रोखण्यासाठी राज्याने निर्बंध घालणे आम्ही सरसकट गैर मानत नाही. विषाणूस भाषा नसते. परंतु एकाच घरातील दोन भावंडांस दोन राज्यांचे दोन न्याय लागले, त्याची दाद कोठे मागावी? कर्नाटकात १० जुलै २०२० रोजी मधल्या वर्षांच्या मुलांस अंतर्गत व मागील गुणांवर पुढे ढकलण्याचे ठरले आणि अंतिम सत्राच्या मुलांनी केंद्रावर जाऊन लेखी परीक्षा दिल्या; पलीकडे महाराष्ट्रात घरी बसून खुणा करावयाच्या. कर्नाटकातील महाविद्यालये १७ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. महाराष्ट्रातील उघडली १५ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही निम्म्या हजेरीने, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटून अखेर २० ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे अलीकडचा भाऊ वर्गात आणि पलीकडचा घरी. परराज्यात अडकलेल्या आपल्या विद्यार्थ्याची स्वतंत्र यादी करून, त्याची खोली, त्याची पुस्तके, त्याची परीक्षा यांची व्यवस्था लावणारा एक जबाबदार अधिकारी प्रत्येक विद्यापीठाने नेमावयास हवा होता. कोल्हापूरच्या विद्यापीठाचा विद्यार्थी-प्रदेश कायद्याच्या नकाशात जिल्ह्यांच्या सीमेवर संपतो. पण विद्यार्थी काही नकाशा पाहून शिकावयास येत नाही. त्या वेळी आंतरराज्य नाक्यावर विद्यापीठाचे ओळखपत्र दाखविणाऱ्या पोरास ते कागदाच्या तुकड्यापलीकडे काही उपयोगी पडले नाही.

परदेशात सर्व आलबेल होते असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील रसायनशास्त्रज्ञांनी लाळेवरून तपासणी करण्याची स्वस्त रीत बसविली. २०२० च्या शरद ऋतूत तेथील प्रत्येक विद्यार्थ्याची आठवड्यातून दोनदा तपासणी होत होती, दिवसाला दहा-दहा हजारांहून अधिक नमुने तपासले जात होते, आणि अहवाल चांगला असेल तरच इमारतीचे दार उघडत होते. तरी पहिल्याच आठवड्यांत रुग्ण भराभर वाढले. कारण गणिताने सर्व काही धरले होते, फक्त बाधित असल्याचे कळूनही मेजवानीस जाणारे तरुण धरले नव्हते. विद्यापीठाने लगेच निर्बंध कडक केले आणि लाट आटोक्यात आणली. तेथेही चूक झाली. पण ती काही करू पाहणाऱ्यांची चूक होती. आपल्या प्रयोगशाळेतील विद्या आपल्याच दारातील संकटावर लावावी, हे त्यांना सुचले.

आणि ते आपल्याकडे सुचले नाही असेही नाही! पुण्यात विद्यापीठाने व ‘आयसर’ने इतर संस्थांच्या सहकार्याने २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये शहराच्या पाच प्रभागांत १६६४ लोकांचे रक्त तपासले आणि त्यांतील ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात रोगाच्या प्रतिद्रव्यांचा पुरावा सापडला. अधिकृत रुग्णसंख्येच्या कितीतरी पट माणसांना रोग होऊन गेला होता, आणि झोपड्यांत राहणाऱ्यांत त्याचे प्रमाण सदनिकांत राहणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होते, हे शहरास प्रथम कळले ते या पाहणीमुळे. विद्यापीठ म्हणून मिरविण्याजोगे हे काम होय. परंतु त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांची चाळणी करा. या पाहणीस जेवढी जागा मिळाली तिच्या शंभरपट जागा परीक्षा होणार की नाही या चर्चेस मिळालेली दिसेल. त्यात आमच्या व्यवसायाचा वाटा आहे, हेही नमूद केले पाहिजे. अर्थशास्त्राच्या विभागांनी परतलेल्या मजुरांची, समाजशास्त्राच्या विभागांनी विधवा झालेल्या तरुण स्त्रियांची, मानसशास्त्राच्या विभागांनी कोंडलेल्या मुलांची गावोगाव पाहणी केली असती तर आज आपल्या हाती केवढे भांडार असते! पदव्युत्तर विद्यार्थी आपापल्या गावीच होते. प्रत्येकाच्या हाती एक प्रश्नावली देण्याचाच काय तो अवकाश होता.

आज काय शिल्लक आहे? २०२२ च्या उन्हाळ्यापासून लेखी परीक्षा पूर्ववत झाल्या. दोन वर्षे लिहिण्याची सवय मोडलेल्या मुलांस तासामागे पंधरा मिनिटे वाढवून देण्यात आली, आणि तेथे महामारीचे प्रकरण बासनात बांधले गेले. त्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांकडे नोकरी देणारे आजही भिवई उंचावून पाहतात. ‘कोरोना बॅच’ हा शब्द तर शिवीसारखा रूढ झाला. ज्या मुलांनी काहीच गुन्हा केला नाही त्यांच्या पदवीवर हा डाग कोणी पाडला? पुन्हा साथ आली तर आपणाजवळ काय आहे? १८९७ साली प्लेगसाठी केलेला चार कलमांचा साथरोग कायदा २०२० मध्ये धूळ झटकून बाहेर काढावा लागला, हे आपण पाहिलेच. विद्यापीठांजवळ तर तेवढेही नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या विद्यापरिषदेने आपत्काळाची एक छापील योजना मंजूर करून ठेवावी. वर्ग बंद पडल्यास शिकविणे कसे चालू राहील, इंटरनेट नसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पुस्तक व पाठ टपालाने अथवा आकाशवाणीवरून कसा पोहोचेल, परीक्षेस पर्याय कोणता आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकास किमान किती मानधन चालू राहील, वसतिगृह किती दिवसांची सूचना देऊन रिकामे करता येईल, आणि परराज्यातील विद्यार्थ्याने कोणत्या अधिकाऱ्यास कोणत्या क्रमांकावर गाठावयाचे, हे तीत लिहिलेले असावे. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागते ती एक सभा, आणि त्या सभेत परीक्षेखेरीज दुसऱ्या विषयावर दोन तास बोलण्याची तयारी.

आमच्या वाचकांत शिवाजी विद्यापीठाचे पदवीधर पुष्कळ आहेत आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी अधिसभेवर निवडून जातात. त्या प्रतिनिधींनी अधिसभेच्या पुढील बैठकीत अशी योजना आहे काय, असा लेखी प्रश्न विचारावा, ही त्यांस विनंती. उत्तर आल्यास ते आम्ही याच स्तंभात अक्षरशः छापू. न आल्यास तेही छापू.